गर्दीत उघडणारी वेबसाइट

ज्यांना हा भाग लोकलच्या खडखडाटात नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ मी बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय कोडिंगवाल्यांचा वाटेल, पण कोडिंग येत नसेल तरी थांबा. वेबसाइट जड का होतात आणि हलकी वेबसाइट कशी बनते, याबद्दल बोलायचंय. आणि सुरुवात एका आजींपासून करायची आहे.

काही वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका गणेशोत्सव मंडळात मी स्वयंसेवक होतो. मंडळाचं नाव नको, माणसं आपलीच आहेत. माझी ड्यूटी ‘हरवले-सापडले’च्या टेबलावर. गणपतीतली शनिवारची रात्र म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. रस्ता दिसत नाही, फक्त डोकी दिसतात.

रात्री साडेनऊच्या सुमाराला एक माणूस टेबलावर आला. साताऱ्याकडून आईला दर्शनाला घेऊन आला होता. गर्दीत हात सुटला. आईंना मधुमेह, गोळ्यांची पिशवी याच्या खांद्यावर, आणि आईंकडे फोन नाही.

आता गंमत बघा. त्या वर्षी मंडळाने याच कामासाठी एका ओळखीच्याकडून वेब अॅप बनवून घेतलं होतं. आमची तीन टेबलं होती, आणि कुठल्याही टेबलावर माणूस आला की त्याची नोंद सगळीकडे दिसणार, अशी ती सोय. आजी पुलाच्या पलीकडच्या टेबलावर सव्वानऊलाच पोचल्या होत्या. तिथल्या मुलाने नोंदही केली होती. ती नोंद सर्व्हरवर व्यवस्थित बसलेली होती. आणि आमच्या टेबलावरच्या तिन्ही फोनवर पांढरा पडदा आणि मधोमध गरगरणारं चक्र.

मी पान बंद केलं, परत उघडलं, फोन बदलला. तो माणूस माझ्याकडे बघत होता आणि मी चक्राकडे. शेवटी पावणेबाराला आमच्यातला एक पोरगा वही घेऊन चालत पलीकडच्या टेबलावर गेला. एरवी चार मिनिटांची वाट, त्या रात्री वीस मिनिटं लागली. आजी खुर्चीत बसून होत्या. त्यांना घाम फुटला होता, कुणीतरी साखर-पाणी दिलं होतं. सापडल्या, पण अडीच तासांनी, आणि त्या सापडल्या वहीमुळे.

त्या रात्री मला राग आला नेटवर्कचा. दुसऱ्या दिवशी वाटलं, नेटवर्कचा राग कशाला? लालबागला गणपतीत नेटवर्क लटकतं हे लहान पोराला माहीत आहे. एका टॉवरच्या वाट्याला ठरावीक लहरी असतात, त्या हजारो फोनमध्ये वाटल्या जातात, मग प्रत्येकाला थेंबथेंब मिळतं. पाऊस पडणार हे माहीत असून छत्री न नेणाऱ्याने पावसाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

पान उघडलं का नाही?

उत्सव संपल्यावर मी ते अॅप लॅपटॉपवर उघडून बघितलं. पहिलं पान ३.८ एमबीचं. त्यासाठी फोनला सर्व्हरकडे ७४ वेळा मागणी करावी लागत होती: जावास्क्रिप्टच्या फायली, फॉन्ट, देणगीदारांचे लोगो, बाप्पाचा एक भलामोठा फोटो, आणि या सगळ्याच्या शेवटी, सगळं आलं तरच, हरवलेल्या माणसांची यादी.

त्या बनवणाऱ्याला फार दोष देऊ नका. आजकाल सगळीच पानं अशी आहेत, मोबाइलवरचं सर्वसाधारण पान २ एमबीच्या पुढे गेलंय. घरच्या वायफायवर ते दोन सेकंदांत येतं आणि आपल्याला कळतही नाही.

पण गर्दीतलं गणित वेगळं आहे. धरा, नेटवर्क बिघडलंय आणि प्रत्येक मागणी पोचायची शक्यता ९८ टक्के आहे. म्हणजे तसं बरंच म्हणायचं. एकच मागणी असेल तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लोकांचं पान उघडेल. आता ७४ मागण्या, आणि सगळ्या पोचायलाच हव्यात. ०.९८ ला स्वतःने ७४ वेळा गुणा. उत्तर येतं ०.२२ च्या आसपास. शंभरातल्या बावीस जणांचंच पान उघडणार! खरं जग इतकं सरळ नसतं, ब्राउझर परत परत प्रयत्न करतो, काही फायली नाही आल्या तरी चालतं. पण चक्र का गरगरत होतं, त्याचं उत्तर एवढ्यात मिळतं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली. सर्व्हर एकदम सगळं पान तुमच्याकडे फेकत नाही. रस्ता कसा आहे त्याला माहीत नसतं, म्हणून तो आधी साधारण दहा पाकिटं पाठवतो आणि ‘मिळालं’ असा निरोप यायची वाट बघतो. मिळाला की मग पुढचा हप्ता, जरा मोठा. ही दहा पाकिटं मिळून होतात साधारण १४ किलोबाइट. म्हणजे तुमचं पान १४ किलोबाइटच्या आत असेल तर ते पहिल्याच हप्त्यात पूर्ण येतं, निरोपांची ये-जा वाचते. लटकलेल्या नेटवर्कवर अशी प्रत्येक ये-जा काही सेकंद खाते.

हे झालं फोनच्या बाजूचं. सर्व्हरच्या बाजूला काय होतं? तिथे सहा वेगवेगळे प्रोग्राम चालत होते: लॉगिनचा एक, नोंदीचा एक, फोटोचा एक, शोधाचा एक, नोटिफिकेशनचा आणि रिपोर्टचा. प्रत्येकाचा आपला डेटाबेस. याला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. इंटरव्ह्यूला गेलात तर हा शब्द ऐकलाच असेल.

मिरची कुठे, डंक कुठे

मायक्रोसर्व्हिस समजून घ्यायला लालबागच्या मसाल्याच्या बाजारात या. एप्रिल-मे महिन्यात या, शिंकत शिंकत. वर्षाचा मसाला करायला बायका येतात. मिरची घ्यायची, देठं काढून घ्यायची, खडा मसाला भाजून घ्यायचा आणि डंकावर कुटून न्यायचा. सगळं हाकेच्या अंतरावर. मिरची कमी भाजली गेली तर डंकवालाच ओरडतो, ‘मावशी, परत भाजून आणा’, आणि मावशी चार पावलं मागे जातात.

आता समजा कुणी हुशार माणसाने ठरवलं, प्रत्येक काम वेगळ्या ठिकाणी. मिरची गिरगावात, भाजणी दादरला, डंक परळला. प्रत्येक ठिकाणी त्या त्या कामातला तज्ज्ञ. कागदावर फार छान. पण मावशींचा दिवस बसमध्ये आणि लोकलमध्ये जाणार. पिशवी दादरला विसरली तर? गिरगावचं दुकान बंद असलं तर परळचा डंक रिकामा चालणार.

तेच इथे. एकाच प्रोग्रामच्या आत एका कामाने दुसऱ्याला हाक मारली तर ती लगेच पोचते. सहा वेगळे प्रोग्राम नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लागले की प्रत्येक बोलणं अडकू शकतं. प्रत्येक जण ९९ टक्के वेळा नीट चालतो असं धरलं, तरी सहाही एका वेळी नीट असण्याची शक्यता ९४ टक्क्यांवर येते.

मग मोठ्या कंपन्या असं का करतात? कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. नेटफ्लिक्स किंवा अॅमेझॉनमध्ये हजारो इंजिनिअर आहेत. सगळे एकाच प्रोग्राममध्ये हात घालायला लागले तर एकमेकांच्या पायात पाय. म्हणून प्रत्येक टीमला आपलं आपलं दुकान. म्हणजे तो बराचसा माणसांच्या गर्दीवरचा उपाय आहे. आमच्या मंडळाचं अॅप एका माणसाने बनवलं होतं. एका माणसाने सहा दुकानं थाटली आणि सहाही गल्ल्यांवर तोच बसला.

आणि मोठ्यांनासुद्धा हे नेहमी परवडतं असं नाही. अॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने २०२३ मध्ये जाहीर लिहिलं की व्हिडिओचा दर्जा तपासणारं त्यांचं एक टूल त्यांनी विखुरलेल्या तुकड्यांमधून काढून एका प्रोग्राममध्ये आणलं, आणि त्या टूलचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. सगळी प्राइम व्हिडिओ नाही हं, फक्त ते एक टूल. सोशल मीडियावर लोकांनी त्याचं भलतंच काहीतरी केलं होतं. स्टॅक ओव्हरफ्लो तर तुम्ही रोज उघडता. जगभरचे प्रोग्रामर जिथे उत्तरं शोधतात, ती साइट २०१६ साली मुख्य कामासाठी ९ वेब सर्व्हरवर चालत होती. नऊशे नाही, नऊ.

आधी मोजा

पुढच्या वर्षी मी मंडळाच्या मीटिंगमध्ये हात वर केला. म्हटलं, मी बनवतो. पहिला प्रश्न आला, ‘लाखो लोक येतात रे आपल्याकडे, तुझं पान पडलं तर?’

प्रश्न बरोबर होता. म्हणून कागदावर मोजलं. धरा, एका संध्याकाळी सहा तासांत ५० हजार वेळा पान उघडलं. आकडा मोठा वाटतो ना? सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला साधारण दोन-सव्वादोन वेळा. गर्दी एकसारखी नसते, म्हणून दहापट धरू: सेकंदाला २३. एक तयार फाइल उचलून द्यायची असेल तर महिना काहीशे रुपयांत भाड्याने मिळणारा साधा सर्व्हर सेकंदाला हजारभर वेळा ते काम सहज करतो.

आणि वजनाचा फरक बघा. सेकंदाला २३ लोकांना ३.८ एमबीचं पान द्यायचं तर साधारण ७०० एमबीपीएसची लाइन लागते. तेच पान ९ किलोबाइटचं असेल तर २ एमबीपीएसपेक्षा कमी. पान हलकं केल्यावर मोठ्या यंत्रणेची गरजच उडाली. मोठी यंत्रणा लागत होती ती लोकांच्या गर्दीसाठी कमी आणि लोगोंच्या वजनासाठी जास्त.

मग बनवलं काय? एक सर्व्हर, एक प्रोग्राम, एक डेटाबेस फाइल. कुणी नवी नोंद केली की प्रोग्राम यादीचं पान नव्याने लिहून साध्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवून देतो. बघणाऱ्याला ती तयार फाइल मिळते. शंभर जणांनी बघितलं म्हणून शंभर वेळा डेटाबेस उघडायचा नाही. सकाळी उकडीचे मोदक एकदाच करायचे, येणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळी उकड काढायची नाही. पानावर फोटो नाही, लोगो नाही, वेगळा फॉन्ट नाही. सगळं मिळून ९ किलोबाइट, एका मागणीत.

फोटो नाही म्हटल्यावर ओळखायचं कसं? शब्दांनी. ‘वय अंदाजे ७०, हिरवी नऊवारी, हातात कापडी पिशवी, टेबल २.’ पहिल्या दिवशी पोरं कंटाळली, फोटो काढणं सोपं असतं. पण लिहायची सवय लागली की माणूस बघायचीही सवय लागते.

खजिनदार काकांना पान दाखवलं तर ते म्हणाले, ‘अरे, हे तर सरकारी नोटीस वाटतेय. बाप्पाचा फोटो तरी टाक.’ मी म्हटलं, ‘काका, बाप्पा समोर बसलाय ना.’ काका हसले नाहीत. शेवटी वर एक भगवी पट्टी टाकली, तिचं वजन काहीच नाही. भव्य नसेल तर मोठं नाही, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. आणि गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय, मूर्ती अजून लहानच आहे.

डेटाबेस म्हणजे एक फाइल

मी वापरलेल्या डेटाबेसचं नाव एसक्यूलाइट. याची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती आमच्या टेबलासारखीच आहे.

रिचर्ड हिप नावाचा प्रोग्रामर अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. बोटीवर कुठे पाइप फुटला, आग लागली, तर कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे हे सांगणारं ते सॉफ्टवेअर. पण त्याची माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमधून यायची. तो सर्व्हर बंद असला की पडद्यावर निरोप: डेटाबेसशी संपर्क होत नाही. म्हणजे बोटीला नुकसान झालेलं असताना, नेमक्या त्याच वेळी सॉफ्टवेअर मुकं. हिपला वाटलं, माहिती तर डिस्कवरच आहे, मध्ये हा सर्व्हर हवाच कशाला? प्रोग्रामने सरळ फाइल उघडून वाचावी. त्यातून २००० साली एसक्यूलाइट आलं.

आज ते तुमच्या खिशात आहे, अक्षरशः. प्रत्येक अँड्रॉइडमध्ये, प्रत्येक आयफोनमध्ये. व्हॉट्सअॅपचे मेसेज तुमच्या फोनमध्ये साठतात ते एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच. आणि वेबसाइटसाठी? त्यांची स्वतःची साइट त्यावरच चालते आणि दिवसाला चार-पाच लाख मागण्या पुरवते. रोज एक लाखापेक्षा कमी मागण्या असलेल्या साइटला ते सहज पुरेल, असं तेच सांगतात, आणि हा आकडा त्यांनी हात राखून दिलाय.

त्याची मर्यादा मात्र नीट समजून घ्या. वहीसारखंच आहे: एका वेळी एकच जण लिहू शकतो. वॅल नावाची पद्धत चालू केली की एक जण लिहीत असताना बाकीचे कितीही जण वाचू शकतात, पण लिहिणारा एकच. एक नोंद लिहायला लागतात काही मिलिसेकंद. आमच्याकडे मिनिटाला एखाददुसरी नोंद, त्यामुळे रांग कधी लागलीच नाही. तुमच्याकडे सेकंदाला हजारो लोक एकदम लिहिणार असतील तर हा डेटाबेस तुमचा नाही.

दुसरी अडचण: टेबलावरच्या फोनला नेटवर्क नसेल तर नोंद पाठवायची कशी? पाठवायचीच नाही. फोनमध्येच ठेवायची, नेटवर्क आलं की आपोआप जाईल. पण मग नंबर कसा द्यायचा? सर्व्हरला विचारल्याशिवाय पुढचा नंबर कळणार कसा? आणि नोंद गेली की नाही कळलं नाही म्हणून फोनने ती दोनदा पाठवली तर?

यावर मोठमोठे लेख लिहिले गेलेत. आमच्याकडे उत्तर कपाटात होतं, वर्गणीचं पावतीपुस्तक. मंडळात वर्गणी गोळा करायला पाच जण पाच चाळींत जातात, तेव्हा कुणी दर पावतीला ऑफिसात फोन करून नंबर विचारत नाही. प्रत्येकाला वेगळं पुस्तक दिलेलं असतं, एकाचं १ ते १००, दुसऱ्याचं १०१ ते २००. नंबर कधीच एकमेकांवर आदळत नाहीत. तसंच प्रत्येक टेबलाला आपलं अक्षर: क-१, क-२, ख-१, ख-२. आणि तीच नोंद परत आली तर सर्व्हर नंबर बघतो, म्हणतो ही पावती फाडलेली आहे, आणि गप्प बसतो. दोनदा पाठवलं तरी एकदाच लागतं. कोडिंगवाले याला आयडेम्पोटन्ट म्हणतात. शब्द जड आहे, पावतीपुस्तक हलकं.

डब्यावरचा पत्ता

डबेवाल्यांचं उदाहरण सगळेच देतात, सिक्स सिग्मा वगैरे. ते बाजूला ठेवू. मला त्यांच्यातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली असं सांगतात. कोविडच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले दोन लाखांच्या आसपास डबे पोचवायचे. दादर स्टेशनला, जिथे पश्चिम आणि मध्य रेल्वे भेटतात, तिथे कधी त्यांना डबे लावताना बघा. एका लाइनवरचा डबा दुसऱ्या लाइनवर जातो, डबा हातात यायच्या आधी त्याला कधी न बघितलेल्या माणसाच्या हातात. तो माणूस कुठे फोन करत नाही, यादी उघडत नाही. डब्याच्या झाकणाकडे बघतो. रंग, आकडे, अक्षरं: कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठली इमारत, कितवा मजला. वस्तूचा पत्ता वस्तूवरच.

वेबच्या भाषेत बोलायचं तर, विचारायला डेटाबेसच नको, मागणीसोबतच माहिती चालत येते. आणि जो डेटाबेस नाही, तो बंद पडू शकत नाही.

हे डोक्यात आल्यावर आमच्या लहान मुलांच्या प्रश्नाचं उत्तर वेबसाइटच्या बाहेरच सापडलं. रांगेत शिरतानाच लहान मुलांच्या मनगटाला कापडी पट्टी बांधायची, आणि आतल्या बाजूने आई-वडिलांचा मोबाइल नंबर पक्क्या मार्करने लिहायचा. बॉलपेनने नाही, पहिल्या दिवशी घामाने सगळे आकडे पुसले गेले. नंबर आतल्या बाजूने, म्हणजे रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येणार नाही. मूल सापडलं की पट्टी उलटायची आणि फोन लावायचा. फोन नाही लागला तर एसएमएस, तो उशिरा का होईना, पोचतो.

सार्वजनिक पानावर मुलांची नोंद आम्ही टाकतच नाही. वय, कपडे आणि ‘या टेबलावर एकटं मूल आहे’ असं जाहीर लिहिणं म्हणजे भलत्याच माणसाला पत्ता देणं. मुलांची यादी फक्त स्वयंसेवकांना दिसते, आणि उत्सव संपला की पूर्ण फाइल पुसायची. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, पण कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं. एका फाइलमध्ये सगळं असण्याचा हाही फायदा, पुसायला एकच जागा. आणि मूल खरंच सापडत नसेल तर वेबसाइट बघत बसू नका, लगेच पोलिसांना ११२ आणि मुलांसाठी १०९८.

कुठे आपटलो

सगळं छान झालं असं सांगून मोकळा होणार नाही. पहिल्याच वर्षी एका पोराने बॅटरी वाचवायला ब्राउझर बंद केला, आणि त्याच्या फोनमधल्या न गेलेल्या तीन नोंदी रात्रभर तिथेच राहिल्या. आता पानाच्या माथ्यावर लाल पट्टी येते: ‘न गेलेल्या नोंदी ३’. शून्य झाल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही.

दुसऱ्या वर्षी सर्व्हरच पडला, अकरा मिनिटं. कारण लाजिरवाणं आहे. प्रत्येक मागणीची नोंद लॉगमध्ये लिहायला मी सांगितलं होतं आणि जुने लॉग पुसायला विसरलो. डिस्क भरली. चूक शंभर टक्के माझी. एकच सर्व्हर असला की हे होणार, हे धरून चालावं लागतं. प्रश्न एवढाच की त्या अकरा मिनिटांत तुम्ही काय करता. आमच्याकडे वही होती, आणि प्रत्येक टेबलाच्या फोनमध्ये शेवटची यादी साठवलेली होती, वर ‘१०:४२ पर्यंतची’ असं लिहिलेलं.

बॅकअपबद्दल एक सूचना: चालू असलेली एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका, कॉपी होत असताना कुणी लिहिलं तर अर्धवट माल मिळेल. बॅकअपची वेगळी आज्ञा आहे, ती वापरा. मी दर पाच मिनिटांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत पाठवतो.

मग काय, सगळंच एका सर्व्हरवर चालवायचं? नाही. सकाळी अकराला स्लीपरचं तत्काळ उघडतं तेव्हा देशभरचे लोक एकाच सेकंदाला त्याच बर्थसाठी धडपडतात. यूपीआयचे व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला हजार कोटींच्या पुढे गेले. तिथे एक फाइल आणि एक सर्व्हर घेऊन गेलात तर लोक मारतील, आणि बरोबरच करतील. पण तुमच्या कॉलेजचं फेस्टिव्हल, सोसायटीची पाण्याची नोटीस, ग्रंथालयाची पुस्तकांची यादी, दवाखान्याचे टोकन? कॅल्क्युलेटर घेऊन सेकंदाचा भागाकार करा. बहुतेक उत्तर दहाच्या आत येईल. आणि पुढे खरंच वाढलं तर मोठ्या डेटाबेसवर जाता येतं, प्रोग्राम नीट लिहिलेला असला म्हणजे झालं.

घरी एक करून बघा. लॅपटॉपच्या क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स, त्यात नेटवर्कचा टॅब, तिथे वेग ‘३जी’वर ठेवा आणि तुमच्या कॉलेजची साइट उघडा. खाली मागण्यांचा आकडा आणि वजन दिसेल. लॅपटॉप नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये २जी निवडून बघा. जिओवाल्यांनो, तुमच्याकडे २जी नाहीच, मित्राचा फोन घ्या. आकडे मला पाठवा, सगळ्यात जड साइट पुढच्या भागात वाचून दाखवू, नाव न घेता.

आमच्या टेबलावर वही अजून आहे. खजिनदार काका नोंद आधी तिच्यात करतात, मग फोन माझ्याकडे सरकवतात, ‘घे, आता तुझ्या नोटिशीत टाक.’ मागच्या वर्षी एका आजोबांची नोंद क-१७ होती. त्यांचा नातू पुलाच्या पलीकडच्या टेबलावर उभा होता, त्याच्या फोनवर एकच कांडी होती, पान उघडलं.